खो-खोचा प्रचार करायचाय? आधी खेळाडूंना पुढे करा

बॅनर लावून आणि उद्घाटनाची भाषणं ठोकून खो-खो वाढत नाही राव, पोरं येतात ती खेळाडू बघून. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला वर्ल्डकप झाला, आपल्या दोन्ही टीम जिंकल्या आणि दोन्ही कॅप्टन, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्रातले, तरी गल्लीतल्या पोराला विराट पाठ असतो, हे दोघं नाही.

सुरुवात आपल्या क्लबपासूनच करा. मोबाईल खांबाच्या बाजूला, जमिनीलगत धरा आणि खांबावरचा सूर स्लो मोशनमध्ये घ्या, एका हाताने खांब धरून अख्खं अंग हवेत आडवं आणि दुसऱ्या हाताची बोटं पळणाऱ्याच्या पाठीला जेमतेम टेकतायत, एवढी रील बास, वर गाणंबिणं नको, मैदानातला खो चा आवाजच ठेवा.

मग सरांना बोलतं करा. लाजतात, कॅमेरा दिसला की भाषणच सुरू करतात, म्हणून थेट प्रश्न टाका: आठ जण बसलेत, त्यातल्या नेमका कोणाला खो द्यायचा हे पळता पळता कसं ठरवता? तीन जणांची तुकडी आत आली की आधी कोणाच्या मागे लागायचं? याच्यावर सर तासभर बोलतील, तुम्ही मिनिटभराचे तुकडे कापा.

मुलींच्या पालकांना धाराशिवच्या सारिका काळेचं सांगा, 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळालाय तिला. आणि हो, पोस्टमध्ये खेळाडूचं नाव आणि गाव लिहा, नेत्यांचे फोटो नंतर टाकले तरी चालतील. फक्त लहान पोरांचं काही टाकायच्या आधी घरच्यांना विचारा.