तापीकाठच्या धुईत फोटो काढायला निघण्याआधी

खरी तयारी आदल्या संध्याकाळी होते. पौषात आभाळ निरभ्र आहे, वारा पडलाय, आजूबाजूच्या शेतांना पाणी भरलंय, अशा दिवशी पहाटे धुई पडेल अशी आशा धरावी. मोठ्या रात्रीत जमीन गार होते आणि तिला टेकलेली ओली हवा धुकं बनते. नदीवरचं कारण वेगळं: पाणी हवेपेक्षा कोमट, म्हणून त्यावरून वाफा निघतात. संध्याकाळनंतरही झाडाची पानं हलत असतील तर मी गजर लावत नाही.

माझी जागा जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेव गावची, तापी-पूर्णेच्या संगमावरची. हतनूर धरणाचा फुगवटा इथवर येतो, त्यामुळे पाणी रुंद आणि संथ. काठ उजेडातच चालून घ्या. गाळ कुठे, खडक कुठे, होडी कुठे बांधलेली असते ते बघा. मासेमार दादांशी बोलून ठेवा, जाळी काढायला ते किती वाजता निघतात ते विचारा. धुक्यात एक गडद आकार लागतोच. होडी, बाभूळ, देवळाचा कळस, काहीही चालेल; तो नसेल तर फोटोत नुसता पांढरा पडदा उरतो.

ट्रायपॉड हवाच. बॅटऱ्या दोन, त्यातली एक स्वेटरच्या आतल्या खिशात, कारण थंडीत त्या लवकर उतरतात. सुती फडकी चार-पाच घ्या. मागच्या हिवाळ्यात लेन्सवर दव बसलेलं मला वीस मिनिटं कळलं नाही आणि त्या दिवसाचा सगळ्यात सुंदर उजेड पुसट निघाला. तेव्हापासून दर पाच मिनिटांनी टॉर्च मारून काच बघतो. टॉर्च, गमबूट, थर्मासमधला चहा, हे सांगायला नकोच.

सेटिंग घरीच करून ठेवा, गारठलेल्या बोटांना बटणं सापडत नाहीत. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल), व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचं सेटिंग, उन्हाचा. ऑटोवर ठेवला तर पहाटेची निळाई कॅमेरा पुसून टाकतो. धुक्याचा पांढरेपणा पाहून कॅमेरा फोटो काळसर करतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघत राहा. ऑटोफोकस धुक्यात भटकतो. होडीच्या कडेवर हाताने फोकस करा. वाइड लेन्सपेक्षा लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मिमीची झूम लेन्स मला जास्त आवडते, झाडांच्या रांगा एकामागे एक फिकट होत जाताना तीच नीट दाखवते.

सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो, पण सहाला जागेवर असा. उगवल्यावर धुकं कधीकधी आणखी दाटतं आणि लोक कंटाळून निघतात. थांबा. ते विरळ होऊ लागतं, तिरपे किरण आत शिरतात, ती दहा-पंधरा मिनिटंच आपली.

कार्डात थोडी जागा राखा. रावेर-यावलकडून परतणार असाल तर केळीच्या बागांत थंडीपासून बचावासाठी रात्री केलेला धूर कधीकधी सकाळीही बांधावर रेंगाळत असतो.