उभ्या गाडीला धडक बसल्यास दुरुस्तीचा खर्च कसा हाताळावा

गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत. पोचा आणि ओरखडे जवळून, तर गाडीची स्थिती, आजूबाजूच्या खुणा आणि धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक दिसेल अशी काही दुरून. धडक देणारा निघून गेला असेल, तर पोलिसांत नोंद करावी आणि जवळच्या कॅमेऱ्यांचे चित्रण त्याच दिवशी मागावे, कारण जुने चित्रण बहुधा आपोआप पुसले जाते.

समोरची व्यक्ती जागेवरच रोख रक्कम देऊ करते, तेव्हा ती घेण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. बंपर वरून शाबूत दिसला, तरी त्यामागची पट्टी वाकलेली किंवा सेन्सर निकामी झालेला असू शकतो, आणि हे बऱ्याचदा बंपर उतरवल्याशिवाय कळत नाही. आधी गॅरेजमधून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. तडजोड केलीच, तर तीही लेखी असावी.

चूक समोरच्याची असल्यास त्याच्या विम्याकडे भरपाई मागता येते. स्वतःच्या विम्यातून दावा करायचा असेल, तर आपल्याला सोसावा लागणारा हिस्सा आणि बुडणारी बोनस सवलत (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) यांची बेरीज दुरुस्तीच्या खर्चाशी ताडून पाहावी. विमा कंपनीच्या पाहणीपूर्वी मात्र काम सुरू करू नये.