खिशात चार हजार सोन्याची नाणी, पण खर्च शून्य: रोलप्लेइंग गेममध्ये पैशाच्या या चुका टाळा

रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन रंगवायची गोष्ट. तिचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकी चालणारी मालिका, पात्रांच्या पाचव्या लेव्हलपर्यंत पोचलं की बहुतेक टेबलांवर एकच लक्षण दिसतं. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदींच्या कागदावर, सोन्याचा आकडा फुगत जातो आणि कुणी भाव विचारायचंच सोडून देतं. सराईवाला म्हणेल ती रक्कम खोडायची, पुढे चालायचं. मग गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरने कितीही मोठा खजिना ठेवला तरी टेबलावर कुणाचे डोळे चमकत नाहीत. कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा विद्यापीठाच्या आसपास नव्याने जमणाऱ्या ग्रुपना माझं कळकळीचं सांगणं आहे, की पैशाचा हिशोब कंटाळवाणा म्हणून टाकून देऊ नका. तो नीट बसवला तर गोष्टीला जमीन मिळते.

सोन्याचं नाणं सुटे पैसे समजणं

ही मूळ चूक, बाकीच्या बऱ्याच तिच्यातून निघतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या गेमच्या २०१४ च्या नियमांत १० तांब्याची नाणी म्हणजे १ चांदीचं आणि १० चांदीची म्हणजे १ सोन्याचं. अकुशल मजुराला दिवसाला २ चांदीची नाणी मिळतात, म्हणजे सोन्याचं एक नाणं ही त्याची पाच दिवसांची कमाई. आता गेम मास्टरने घाईघाईत ‘जेवणाचं एक सोनं द्या’ म्हटलं, की त्या गावातला हमाल उपाशी मरणार. नियमांतला दर बघा: साध्या खानावळीत प्रवाशाचं दिवसभराचं जेवणही ३ चांदीच, बिअरचा मग ४ तांबे. गावात शिरल्यावर चांदी-तांब्यातच बोला, सोनं शस्त्रं, घोडे आणि सौद्यांसाठी ठेवा. आपल्याकडे सोन्याच्या आणि तांब्याच्या नाण्यांना होन आणि शिवराई अशी नावं दिली तर हा फरक खेळाडूंच्या डोक्यात लगेच बसतो. सोन्याचा होन कुणी भाकरीसाठी मोडत नाही.

प्रत्येक भाकरीचा हिशोब ठेवणं

उलट टोकाची चूक. मशाल एक तांबं, घोड्याचा चारा पाच तांबे, असं लिहीत बसलात तर अर्धी संध्याकाळ वजाबाकीत जाते. विद्यापीठाजवळ राहणारी पोरं महिन्याच्या सुरुवातीला मेसचे पैसे भरून मोकळी होतात, तसंच इथे करा. राहणीमानाचा दर ठरलेला आहे: दरिद्री राहणीला दिवसाला २ चांदी, साध्या राहणीला १ सोनं, सुखवस्तूला २, श्रीमंताला ४, सरदारी थाटाला १० किंवा जास्त. आठवड्याची रक्कम एकदम कापा. चौघा साथीदारांची पार्टी सुखवस्तू राहिली तर आठवड्याला ५६ सोनं.

पण नुसतं कापून थांबू नका, कारण खरी गंमत याच्या पुढेच आहे. जो दरिद्री वस्तीत राहतो त्याला चोर, फरारी आणि खबरे भेटायला हवेत. जो चार सोन्यात राहतो त्याच्या दारात सावकाराचा माणूस येईल, उमरावाचं आमंत्रण येईल आणि त्याच्या तिजोरीवर कुणाची तरी नजर बसेल. खर्चाला परिणाम जोडला की खेळाडू राहणीमान विचार करून निवडतात.

लूट विकली, लगेच पैसे आले

मारलेल्या गोब्लिनांच्या (छोट्या राक्षसांच्या) तीस तलवारी एका दुकानात पूर्ण भावाने खपतात, असं होऊ देऊ नका. नियमाप्रमाणे शस्त्र-चिलखताला सहसा निम्मा भाव मिळतो, रत्नांना मात्र पूर्ण. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातला गुळाचा बाजार डोळ्यांसमोर आणा: माल उतरतो, सौदे निघतात, मध्ये अडत्या म्हणजे दलाल असतो आणि त्याला अडत मिळते. तसा एक अडत्या तुमच्या शहरात बसवा. कुणाचा माल कुठून आला हे त्याला माहीत असतं, म्हणून तो पुढच्या साहसाचा धागाही पुरवतो. चांदीकाम हुपरीसारख्या एखाद्या कारागिरांच्या गावीच विकलं जाऊ दे, जवाहीर गुजरीसारख्या सराफी गल्लीत.

वजनही विसरू नका. ५० नाण्यांचं एक पौंड होतं, म्हणजे ५,००० तांब्याची नाणी साधारण ४५ किलो. गाढव लागणारच.

पैसे फार झाले म्हणून चोरी घडवणं

हे सगळ्यात वाईट. कष्टाने मिळवलेलं एका रात्रीत गेलं की खेळाडू गेम मास्टरवर विश्वास ठेवणं सोडतात. त्यापेक्षा पैशाला जाण्याची वाट द्या. प्लेट चिलखताला १,५०० सोनं लागतं, जखम भरणाऱ्या औषधाच्या एका बाटलीला ५०. मेलेल्या साथीदाराला मिनिटाच्या आत परत आणणाऱ्या मंत्राला ३०० सोन्याच्या नाण्यांच्या किमतीचा हिरा लागतो आणि तो जळून जातो. असे हिरे शहरात दोनच आहेत, एवढं सांगितलं तरी टेबल जागं होतं.

आकडा त्याहूनही मोठा झाला असेल तर त्यांना पन्हाळ्याकडे बघायला सांगा. याच नियमांत छोटा किल्ला बांधायला ५०,००० सोनं आणि ४०० दिवस लागतात, पुढे देखभालीला रोज १००. किल्लेदार कोण, शिबंदी किती, पगार थकला तर काय, यावर कित्येक सत्रं रंगतात.

एकाच रविवारी संपणारी छोटी गोष्ट असेल तर मात्र यातलं काही करू नका. थैलीत पुरेसं आहे असं धरा आणि खेळा.