शाळा, ऑनलाइन का बागेत नेऊन? पोराला काय लागू पडतंय ते घरीच कसं तपासायचं

मे संपत आला की सांगली जिल्ह्यातल्या तासगावात माझ्या क्लासच्या दारात चपला काढता काढता पालक एकच विचारतात, "सर, औंदा ऑनलाइन लावू का तुमच्याकडंच ठेवू पोराला?" आता मी क्लासवाला माणूस, मी काय सांगणार, हलवायाला विचारलं पेढा कसाय तर तो काय कडू म्हणणारंय का. म्हणून गेली दोन-तीन वर्षं मी उत्तर द्यायचंच सोडलंय, त्याऐवजी घरी तपासायची एक रीत सांगतो. खर्च काय नाय, वेळ पंधरा-वीस दिवस, आणि पोराशी भांडायचीही गरज पडत नाय.

सगळ्यात आधी एक गोष्ट बंद करा, "समजलं का?" हे विचारणं. पोरं हो म्हणतात आणि खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटत असतं. विहिरीच्या कठड्यावर बसून दुसऱ्याचं पोहणं बघितलं की आपल्यालाबी येतंय असं वाटतंच की, उडी मारल्यावर कळतं.

आमच्या भावाच्या पोराचंच सांगतो. दहावी, अंकगणिती श्रेढीचा धडा. व्हिडिओ बघितला, तोही दीडपट स्पीडनं, आणि मला म्हणाला काका एकदम सोपंय. मी मोबाईल पालथा ठेवायला लावला आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, 5, 9, 13, 17, असं पुढं, विसावं पद काढ. पाच सेकंदात उत्तर, 85. विसाला चारनं गुणलं, पाच मिळवले. व्हिडिओतल्या बाईंनी एन वजा 1 (एन म्हणजे कितवं पद काढायचंय तो आकडा) दोनदा सांगितलं होतं, लाल रंगात गोल पण केलेला, ह्यानं तो गोल बघितला पण वजा एक का करायचं ते डोक्यात शिरलंच नव्हतं. तर अशी गत असते.

आता रीत. एक धडा घ्या, ज्याचे तीन सारख्या वजनाचे तुकडे पडतील असा. एक तुकडा शाळेत किंवा क्लासात फळ्यावर होऊ दे, एक ऑनलाइन, आणि एक तिसऱ्याच पद्धतीनं म्हणजे हातात वस्तू घेऊन, बाहेर जाऊन, किंवा पोरालाच शिकवायला लावून. तिन्हीला वेळ सारखाच द्या, समजा चाळीस मिनिटं, नाहीतर व्हिडिओला दहा मिनिटं आणि क्लासला दीड तास असं केलं तर ती तुलना नव्हे. त्याच दिवशी प्रत्येकावर पाच गणितं कागदावर, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मार्क मांडून ठेवा पण पोराला सांगू नका आणि तुम्हीपण त्याच्यावर जाऊ नका. खरा पेपर आठ दिवसांनी, न सांगता, तसलीच पाच-पाच गणितं आकडे बदलून.

आठ दिवस का, तर 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी कॉलेजच्या पोरांवर प्रयोग केला होता. एका गटानं उतारा परत परत वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढं, आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं. म्हणजे लगेच घेतलेला पेपर फसवतो. ऑनलाइनवाल्यांचे जे व्हिडिओनंतर लगेच येणारे चार पर्यायांचे प्रश्न असतात ना, त्यात 10 पैकी 9 पडले म्हणून पेढे वाटू नका हे त्यासाठीच सांगतोय.

आणि एका धड्यावर निकाल लावू नका. पुढच्या धड्याला अदलाबदल करा, कारण एखादा तुकडा मुळातच सोपा असतो आणि श्रेय फुकट पद्धतीला जातं.

माझ्याकडं काय दिसलं ते सांगतो, तुमच्याकडं वेगळं दिसेल. भौमितिक रचना फळ्याशिवाय आणि माणसाशिवाय होत नाय, हे माझं ठाम मत. वर्तुळाला स्पर्शिका काढताना पोरगी कंपास डोक्याला धरून फिरवायचं सोडून पायाला धरत होती, त्यामुळं दर वेळी कंस दोन मिलिमीटर सरकायचा आणि तिला वाटायचं आपली पद्धतच चुकली. तीन व्हिडिओ बघितले होते तिनं. मी बाकाजवळनं जाताना नुसतं बोट हलवलं, झालं काम. पण हेच साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसली असती तर शाळेतल्या मास्तरलाही दिसलं नसतं, त्यामुळं वर्ग म्हणजे आपोआप भारी असंही नाय.

ऑनलाइन कुठं जिंकलं? आजारी पडून बुडलेला भाग, इंग्रजीचे उच्चार, आणि लाजरी पोरं जी चौथ्यांदा "सर परत सांगा" म्हणायला घाबरतात. व्हिडिओ चौथ्यांदा लावला तर तो वैतागत नाय, मी वैतागतो. पैसे भरायच्या आधी बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून बघा, 2017 पासूनच्या सरकारी दीक्षा अ‍ॅपवर फुकटात बरंच पडलंय, लोक त्या चौकोनाकडं डिझाईन म्हणून बघतात. आमच्या पाहुण्यातल्या एकानं मात्र एका कंपनीचं वर्षाचं पॅकेज हप्त्यावर घेतलं, पोरानं दिवाळीपर्यंत बघितलं, हप्ते मे पर्यंत चालू होते. घ्यायचंच असेल तर आधी महिन्याचं घ्या.

आणि ते उलटं प्रकरण पण आहे, धडा घरी व्हिडिओवर आणि गृहपाठ वर्गात. 2007 च्या सुमारास कोलोरॅडोतल्या बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन मास्तरांनी गैरहजर पोरांसाठी तास रेकॉर्ड करायला सुरवात केली त्यातनं ते पुढं आलं. कल्पना मला लई आवडली, मी केलं पण. फेल गेलं, कारण घरात मोबाईल एकच, तो वडिलांबरोबर द्राक्षाच्या बागेत, वडील घरी येणार आठला आणि मग डेटा संपलेला. आता मी नऊ-दहा मिनिटांचा व्हिडिओ क्लासातच लॅपटॉपवर लावतो, मध्ये तीनदा थांबवतो आणि "आता पुढं काय येणार?" विचारतो, बाकी वेळ गणितं. हे चालतंय.

तिसऱ्या पद्धतीचं नाव काढलं की लोकांना वाटतं पुण्यातल्या महागड्या शाळांचं फॅड. अहो, आपल्याच भागातलं आहे हे. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, 1919 ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं कमवा आणि शिका चालवलं, हातानं राबत शिकणं ते हेच. अलीकडचं बघायचं तर सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे आसपासच्या झेडपी शाळांचा गट, आणि हे आपल्या तासगावजवळचं कुमठे नव्हे), तिथल्या झेडपीच्या शाळांत पोरं फरशीवर गटानं बसून, खडे, काड्यांचे गठ्ठे, कार्डं घेऊन शिकायची, मास्तर मध्ये कमी बोलायचा, आणि ते बघायला राज्यभरनं शिक्षकांच्या गाड्या यायच्या. त्याला ज्ञानरचनावाद असा जड शब्द आहे, तो शब्द विसरला तरी चालेल.

तर त्या 85 वाल्या पोराला मी रविवारी बागेत नेलं. म्हटलं पहिला वेल बांधापासून 5 फुटावर, पुढं दर 4 फुटाला एक, चल विसाव्या वेलापर्यंत आणि मधली अंतरं मोज. तो मोजत गेला, विसाव्याला हात लावून उभा राहिला आणि तिथनंच ओरडला, "काका एकोणीसच भरली!" एकोणीस चोक 76 आणि 5, 81. आठ दिवसांनी ह्या तुकड्यात पाचपैकी पाच, बेरजेचं सूत्र व्हिडिओवर शिकला होता त्यात दोन. बागेत जायला यायला मिळून दीड तास गेला हेपण मांडा, म्हणजे चाळीस मिनिटांचा माझाच नियम मी मोडला. सगळा सिलॅबस असा होणार नाय. जिथं पोरगं दोनदा त्याच जागी अडकतं तेवढीच जागा बाहेर काढायची.

शाळा पूर्ण सोडून घरनंच शिकवायचं डोक्यात असेल तर कागदपत्रं आधी बघा. दहावीला बाहेरनं बसायचं तर 17 नंबरचा फॉर्म असतो, त्याच्या तारखा लवकर निघून जातात, नाहीतर राष्ट्रीय मुक्त शाळेचा, म्हणजे एनआयओएसचा रस्ता आहे. ह्यात मित्र सुटतात, डबा एकत्र खाणं सुटतं, ते कुठल्या पेपरात मोजता येत नाय पण मला ते मोठं वाटतं.

राहिली घरातली वेळ. कुठलीही पद्धत लावा आणि बाजूला टीव्हीवर सिरीयल चालू ठेवा, उपयोग शून्य. आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 ला संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचं ठरवलं, दीड तास अख्ख्या गावात टीव्ही-मोबाईल बंद. तुमच्या गल्लीत भोंगा कोण वाजवणार, पण तपासणीचे पंधरा-वीस दिवस तरी घरातल्या मोठ्यांनी फोन डब्यात टाकावा, माझी बायको तांदळाच्या डब्यात टाकते, माझा.

कागद जपून ठेवा, वर तारीख आणि पद्धत लिहून. इतिहासाला वेगळं निघतं आणि गणिताला वेगळं, त्यामुळं विषयागणिक वेगळी फाईल बरी. त्या पोराचं त्रिकोणमिती चालू केलंय परवा, ह्या वेळी अदलाबदल, पहिला तुकडा व्हिडिओवर आणि दुसरा फळ्यावर, पेपर येत्या रविवारी आहे. त्याला अजून माहीत नाय.