बहिष्काराचं ब्राउझर एक्स्टेंशन बनवताय? या चुका टाळा

बायकांबद्दल घाणेरडा मजकूर ठेवणारा, तक्रारी करूनही तो न काढणारा एखादा ऑनलाइन मंच. नाशिकच्या कॉलेज रोडवरचा विद्यार्थ्यांचा गट किंवा इंदिरानगरच्या सोसायटीतले पालक ठरवतात, की आता तिथे जायचं नाही. पण ठरवलेलं टिकत नाही, कारण समोर लिंक आली की बोट सवयीने तिच्यावर जातं. नेमकं तेव्हा आडवं येणं हे एक्स्टेंशनचं, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचं, काम. ते घाईत बनवलं तर मंच उघडतोच, नाहीतर भलत्याच साइट बंद पडतात. दुसरी चूक जास्त महाग पडते: बँकेचं पान अडलं की माणूस एक्स्टेंशन काढतो आणि पुन्हा टाकत नाही.

नियम आहे, तरी मंच उघडतो

क्रोमवर आता मॅनिफेस्ट ३, म्हणजे एक्स्टेंशनच्या रचनेची नवी आवृत्ती, चालते. जुन्या धड्यांमधली 'वेब रिक्वेस्ट'ने (प्रत्येक विनंती कोडने तपासून) अडवण्याची पद्धत सर्वसाधारण एक्स्टेंशनला तिथे मिळत नाही. नियम 'डिक्लरेटिव्ह नेट रिक्वेस्ट'साठी (काय अडवायचं ते ब्राउझरला आधीच सांगण्याची सोय) जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचे. इथली सर्वांत मोठी फसगत अशी, की नियमात 'रिसोर्स टाइप्स' (पान, चित्र, स्क्रिप्ट असे विनंतीचे प्रकार) दिलेच नाहीत तर क्रोम मुख्य पान सोडून बाकी सगळं अडवतो. चित्रं गायब होतात, पण पान उघडतं. म्हणून 'मेन फ्रेम' (मुख्य पान) आणि 'सब फ्रेम' (पानात बसवलेलं पान) हे दोन प्रकार स्वतः लिहा.

नुसतं अडवण्यापेक्षा 'बहिष्कार का, पर्याय कोणता' हे सांगणारं स्वतःचं पान दाखवणं चांगलं. मात्र 'ब्लॉक' आणि 'रीडायरेक्ट' या दोन्ही नियमांची प्रायॉरिटी सारखी असेल तर ब्लॉक जिंकतो आणि लोकांना फक्त ब्राउझरचा एरर दिसतो. रीडायरेक्टला २ द्या, ब्लॉकला १. शिवाय रीडायरेक्टला त्या डोमेनची होस्ट परवानगी, म्हणजे त्या साइटवर काम करण्याची मुभा, लागते (ब्लॉकला लागत नाही), आणि तुमचं पान 'वेब ॲक्सेसिबल रिसोर्सेस'मध्ये (वेबवरून उघडता येणाऱ्या फाइलींच्या यादीत) नोंदवावं लागतं. नोंद राहिली तर पानाऐवजी पुन्हा एररच येतो.

सगळं बरोबर असूनही काही जणांकडेच मंच उघडत असेल तर संशय त्या साइटच्या सर्व्हिस वर्करवर, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या तिच्या स्क्रिप्टवर, घ्या. आधी तिथे जाऊन आलेल्या ब्राउझरमध्ये तो पान स्वतःच्या साठ्यातून देतो. विनंती नेटवर्कपर्यंत जातच नाही, त्यामुळे नियम लागू होईलच असं नाही. उपाय सोपा आहे: एक्स्टेंशन टाकल्यावर ब्राउझरच्या सेटिंगमधून त्या साइटचा डेटा एकदा पुसायला सांगा. ही सूचना पहिल्याच पानावर हवी.

भलतीच साइट बंद पडते

पत्ता नुसता तुकडा म्हणून 'यूआरएल फिल्टर'मध्ये टाकू नका. एक्स डॉट कॉमची अक्षरं फेडेक्स आणि नेटफ्लिक्सच्या पत्त्याच्या शेवटीही येतात, त्यामुळे तेही अडतील. 'रिक्वेस्ट डोमेन्स'मध्ये पूर्ण डोमेन द्या. उपडोमेन त्यात आपोआप धरली जातात. छोट्या लिंकचं वेगळं डोमेन असेल तर तेही जोडा. डॉट भारत पत्ता असेल तर देवनागरीत लिहून चालत नाही, त्याचं प्युनीकोड (रोमन अक्षरांतलं) रूप द्यावं लागतं.

दुसऱ्या साइटवरची 'या खात्याने लॉग इन करा' बटणं आणि स्क्रिप्ट पहिल्या आवृत्तीत अडवूच नका. मुलाचा प्रवेश अर्ज अडला तर पालक बहिष्काराला नव्हे, तुम्हाला बोल लावतील.

मराठी मजकूर ओळखताना

मंचाच्या नावाशेजारी इशारा दाखवायचा असेल तर कंटेंट स्क्रिप्टमध्ये (उघड्या पानात चालणाऱ्या एक्स्टेंशनच्या कोडमध्ये) शब्द शोधावा लागतो, आणि इंग्रजीसाठी लिहिलेला कोड इथे हमखास तोंडघशी पडतो. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकूर शोधण्याच्या नमुन्यातली) शब्दसीमेची खूण फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखते. तिच्या भरवशावर 'नाशिक' शोधलात तर मराठी वाक्यात तो सापडणारच नाही. युनिकोडचे (सगळ्या लिप्यांच्या प्रमाण यादीतले) अक्षर आणि चिन्ह असे दोन्ही वर्ग घ्या. फक्त अक्षरांचा वर्ग घेतला तर काना-मात्रा बाहेर राहतात. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात: नाशिकला, नाशिकच्या, नाशिककर. म्हणून शब्दाची सुरुवात तपासा, शेवट मोकळा सोडा. नाशिक आणि नासिक दोन्ही लिहिलं जातं, तशी तुम्ही शोधताय त्या मंचाच्या नावाची रूपंही यादीत ठेवा.

'दुसऱ्या'मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे वेगळं अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्याला सारखं, संगणकाला वेगळं. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाण रूप घेऊनही हा फरक जात नाही. तुलनेआधी दोन्हीकडचं जोडचिन्ह काढा आणि ऱ चा र करा.

बाकीचं, थोडक्यात

एक्स्टेंशनचा स्वतःचा सर्व्हिस वर्कर ३० सेकंद काम नसेल तर बंद होतो आणि व्हेरिएबलमधली माहिती जाते. चालू-बंदची नोंद स्टोरेजमध्येच ठेवा. 'सिंक' (खात्यासोबत इतर उपकरणांवर जाणाऱ्या) स्टोरेजमध्ये एका नोंदीला सुमारे ८ केबीची मर्यादा आहे, मोठी यादी 'लोकल'मध्ये (त्याच उपकरणावर) जाऊ द्या. मूळ यादी पॅकेजमध्येच हवी. पेठ-सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यात रेंज गेली आणि सर्व्हरवरून यादी आलीच नाही, असं होता कामा नये. सर्व्हरवरून कोड आणून चालवणं तर मॅनिफेस्ट ३ मध्ये चालतच नाही.

सगळ्या साइटची परवानगी मागू नका. स्टोअरच्या तपासणीला वेळ लागतो, आणि लोक घाबरतात तेही योग्यच आहे. कोण कुठे गेलं याची नोंद ठेवू नका, बहिष्काराच्या नावाखाली पाळत नको. मंचाच्या सर्व्हरवर आपोआप विनंत्यांचा मारा करणारं काहीही घालू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये अशा अडथळ्याविरुद्ध तरतूद आहे.

चाचणी करताना कोड बदलला की एक्स्टेंशन रीलोड करा, आणि उघडं पानसुद्धा. पान विसरलं तर जुनी कंटेंट स्क्रिप्टच दिसत राहते. नियम खरंच लागतो का ते 'टेस्ट मॅच आउटकम' या क्रोमच्या सोयीने तपासा. हे फक्त अनपॅक्ड (स्टोअरमधून नव्हे, थेट फोल्डरमधून टाकलेल्या) एक्स्टेंशनमध्ये चालतं. फायरफॉक्समध्ये तात्पुरतं टाकलेलं ॲड-ऑन ब्राउझर बंद केला की जातं, वाटण्यासाठी मोझिलाची सही घ्यावी लागते. क्रोमच्या स्टोअरला नोंदणीचे ५ डॉलर एकदाच भरायचे.

इन्कॉग्निटो खिडकीत एक्स्टेंशन आपोआप चालत नाही, परवानगी वापरणाऱ्यानेच द्यायची असते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन टाकताच येत नाही, फायरफॉक्समध्ये येतं. पण मोबाइलवर मंचाचं ॲप असेल तर यातलं काहीच त्याला अडवत नाही. ॲप काढून टाकण्याची सूचना वेगळी, ठळक अक्षरात द्या.