तांब्याच्या अतिपातळ थराची रोधकता कशी मोजावी

सामान्य तापमानाला तांब्यातील इलेक्ट्रॉन सरासरी सुमारे ३९ नॅनोमीटर अंतर कापून कशावर तरी आदळतो. थराची जाडी याच्या आसपास किंवा खाली आली, की पृष्ठभागावरच्या आणि स्फटिककणांच्या सीमांवरच्या टकरा वाढतात. त्यामुळे रोधकता, म्हणजे पदार्थ विद्युतप्रवाहाला किती अडवतो याचे माप, वाढते. मग कोष्टकात जाड तांब्यासाठी दिलेल्या १.६८ मायक्रोओहम-सेंटीमीटर या आकड्यावर विसंबता येत नाही.

मोजणीसाठी एका रेषेत, समान अंतरावर चार टोके असलेले उपकरण वापरावे. बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह सोडून आतल्या दोहोंमधील व्होल्टेज नोंदवावे, म्हणजे स्पर्शबिंदूंचा रोध हिशेबात शिरत नाही. प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हा मोजावे आणि दोन्ही मूल्यांची, अधिक-उणे चिन्ह सोडून, सरासरी घ्यावी. नमुना टोकांमधील अंतराच्या मानाने बराच मोठा असेल, तर व्होल्टेजला प्रवाहाने भागून ४.५३ ने गुणावे. हा झाला पृष्ठरोध. त्याला जाडीने गुणले की रोधकता मिळते.

खरी काळजी जाडीचीच घ्यावी, कारण २० नॅनोमीटरच्या थरात २ नॅनोमीटरची चूक उत्तरात थेट १० टक्क्यांची होते. हवेत तांब्यावर ऑक्साइड चढतो आणि तो प्रवाह जवळजवळ वाहत नाही. म्हणून क्ष-किरण परावर्तनाने जाडी काढताना ऑक्साइडचा थर वेगळा धरावा आणि फक्त धातूची जाडी गुणाकारात घ्यावी.