अद्रक माना टाकायलीय? ड्रेंचिंगच्या आधी ग्लासात बघा

पोळ्याच्या आसपास कन्नड, खुलताबाद, फुलंब्रीकडून एकच विचारणा सुरू होते, प्लॉट हिरवागार होता अन् आता मधूनमधून झाडं माना टाकायलीत, ड्रेंचिंगला, म्हणजे बुडाशी औषधाचं पाणी ओतायला, काय सोडू? काहीच सोडू नका अजून. बुरशीची सड वेगळी अन् जीवाणूची मर वेगळी, दुकानात मात्र दोन्हीला एकच डबा हातात देतात.

मर लावणारा जीवाणू म्हणजे राल्स्टोनिया. तो मुळाच्या जखमेतून शिरतो, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत बसतो अन् तिथं चिकट डिंकासारखा पदार्थ तयार करत राहतो, क्षार बसून ड्रीपर चोकअप व्हावेत तसं होतं, खाली ओल भरपूर पण वर पाणीच चढत नाही. पानं कडेनं आत वळतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, मग आपण अजून मोटार चालू करतो अन् रोग पाण्यासोबत पुढच्या बेडवर.

तपासायला लॅब लागत नाही. झाड बुडाजवळ कापा, खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरा, हलवू नका, थोड्याच वेळात कापलेल्या जागेतून दुधासारखी धार खाली उतरली तर जीवाणू समजा. धार नाही अन् बुंधा पाणचट होऊन सडलेला असंल तर बहुतेक बुरशी.

धार निघाली तर खरं सांगतो, बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही, ट्रायकोडर्मावरही (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) सगळी भिस्त ठेवू नका. कंद मातीसकट उपटून गोणीत भरून बाहेर न्या, बांधावर किंवा नाल्यात फेकू नका, त्या जागेचं पाणी तोडा, चर काढून द्या, विळा-खुरपं धुतल्याशिवाय चांगल्या बेडला लावू नका. त्या प्लॉटचं बेणं तर अजिबात ठेवायचं नाही, भाव कितीही असू द्या. पुढं तिथं टमाटे, वांगी, मिरची नको, मका किंवा ज्वारी घ्या.

सोयाबीनवाल्यांनो, रिमझिमीत पानावर कोनाकोनाचे पाणचट ठिपके अन् भोवती पिवळी कड दिसली तर तोही जीवाणूच, स्यूडोमोनास. हा कोरोनाटिन नावाचं विष बनवतो, झाडाच्या स्वतःच्याच हार्मोनची हुबेहूब नक्कल, त्यामुळं झाडानं बंद केलेली पानाची छिद्रं परत उघडतात अन् बाकीचे जीवाणू आरामात आत. ऊन पडलं की हा रोग बहुतेक आपोआप थांबतो, म्हणून घाईत पंप उचलू नका, फक्त पानं ओली असताना कोळपं-खुरपं घेऊन रानात शिरू नका.